उरल्यासुरल्यातला सेटर

खान्देशातल्या महाविद्यालयीन व्हॉलीबॉलमध्ये एक मत इतके रुळले आहे की त्यावर कोणी वादही घालत नाही. उंच आणि उडीची मुले आधी वेचायची, त्यांना स्मॅशर करायचे. मागे राहिलेल्यांत जो बुटका पण चपळ असेल त्याला लिफ्टर म्हणून नेटजवळ उभा करायचा. याच मताचे दुसरे टोक असे की लिफ्टर, म्हणजे सेटर, जन्मावा लागतो. पदवीच्या तीन वर्षांत तो घडत नाही. म्हणून चांगला हवा असेल तर दुसऱ्या महाविद्यालयातला तयार मुलगा प्रवेश देऊन आणावा. माझ्या मते ही दोन्ही टोके चूक आहेत.

पूर्वपक्षाला त्याचे माप आधी द्यायला हवे. क्रीडा संचालकाची अडचण खरी असते. प्रवेश संपतात न संपतात तोच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात ती जळगाव, एरंडोल, धुळे, नंदुरबार अशा विभागांत होते. त्यानंतर आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ, त्याचे शिबिर आणि पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. ऐन हंगामात कापसाची वेचणी निघते आणि चोपडा-शिरपूरकडची मुले चार-चार दिवस घरी अडकतात. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, तेव्हा दिवसा मैदानावर पाय ठेवणे कठीण. एवढ्या ओढाताणीत नवा मुलगा घडवायचा कधी, हा प्रश्न रास्त आहे. उंचीच्या बाबतीतही पूर्वपक्षाकडे भक्कम दाखला आहे. जपानची सेटर योशिए ताकेशिता अवघी 159 सेंटीमीटर उंचीची. तरी 2006 च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली आणि 2012 ला लंडनमध्ये तिच्या संघाने ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले.

पण हा दाखला सिद्ध काय करतो? बुटकी असूनही ती सेटर झाली, एवढेच. बुटकी म्हणून झाली, असे नव्हे. सहा फिरत्यांपैकी तीन फिरत्यांत सेटर पुढच्या रांगेत असतो आणि त्याला ब्लॉकसाठी उडावेच लागते. पुरुषांचे नेट 2.43 मीटर. समोरचा शहाणा स्मॅशर सर्वांत ठेंगणी भिंत शोधून तिच्यावरूनच मारतो. म्हणून तर 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकेचा सेटर लॉय बॉल 203 सेंटीमीटरचा होता आणि 2022 चा जगज्जेता इटलीचा कर्णधार सिमोने जान्नेली दोन मीटरच्या घरातला आहे. उंची असली तर लाभच; नसली तर त्या उणिवेची भरपाई करणारे हात आणि नजर लागते. स्मॅश जमत नाही, ही पात्रता कुठेच धरली जात नाही.

हात-नजर म्हणजे नेमके काय, हे निवड चाचणीत बहुधा कोणी पाहतच नाही. स्मॅशरांची रांग लागते, सेटर तास-दीड तास त्यांना बॉल उचलून देतो आणि निवड समिती मारणाऱ्यांचे गुण मांडते. (प्रेक्षकही ‘मार रे!’ असेच ओरडतात. ‘उचल रे!’ कोणी ओरडलेले मी ऐकलेले नाही.) वास्तविक तीन स्पर्शांतला दुसरा स्पर्श त्याचा. पहिला पास सरळ येवो की वाकडा, बॉल हवेत असतानाच त्याने पाहायचे असते की समोरचा मधला ब्लॉकर कुठे झुकला, आपला कोण धावत निघाला, मागचे दोन बॉल कोणाचे अडले. स्वतः पुढच्या रांगेत असेल तर पुढे मारणारे दोनच, मागे असेल तर तीन. हा हिशेबही त्यातच. धुळ्याच्या उघड्या मैदानावर वारा सुटला की उंच लिफ्ट हातभर सरकते, मग ती बुटकी आणि जलद ठेवायची. हे कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. रोज शेकडो बॉल हाताखालून गेले की येते, आणि तेही त्याच स्मॅशरांबरोबर, कारण प्रत्येकाची धाव, उडी आणि हाताची पोच वेगळी. त्यामुळे बाहेरून आणलेल्या तयार सेटरचे निम्मे कसब जुन्या महाविद्यालयातच राहिलेले असते.

यावर अमेरिकेकडे बोट दाखवले जाते. तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये आपल्या सेटरसारखी निर्णायक जागा क्वार्टरबॅकची, आणि तयार क्वार्टरबॅक दुसऱ्या विद्यापीठातून आणण्याची आता रीतच पडली आहे. जो बरो हा त्याचा लाडका नमुना. ओहायो स्टेटमध्ये त्याला खेळायला फारसे मिळाले नाही. 2018 ला तो लुइझियाना स्टेटला गेला आणि 2019 च्या हंगामात सर्वोत्कृष्ट खेळाडूचे हाइजमन पारितोषिक व राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही मिळवले. पण मधला 2018 चा हंगाम सांगायचा राहून जातो. तो साधारणच गेला होता. नव्या सवंगड्यांबरोबर एक वर्ष मुरल्यावरच तो बहरला, आणि त्याआधीची ओहायोतली वर्षेही सरावातच गेली होती.

राहिला तीन वर्षांचा मुद्दा. तो तर आपल्याकडे टिकतच नाही. जळगावचे मू. जे. किंवा अमळनेरचे प्रताप महाविद्यालय घ्या; अकरावी-बारावीची मुले त्याच आवारात असतात. अकरावीला हेरलेला मुलगा पदवीपर्यंत पाच वर्षे हाताशी राहतो, पदव्युत्तरला थांबला तर सात. आंतरविद्यापीठ स्पर्धेची वयोमर्यादाही 25 आहे. जपानचा सेटर कात्सुतोशी नेकोदा याला 1964 च्या ऑलिंपिक संघात घेतले तेव्हा तो विशीचा होता. त्या वर्षी कांस्य, 1968 ला रौप्य, 1972 ला सुवर्ण, आणि तिन्ही वेळा नेकोदा संघात. प्रशिक्षक मात्सुदाइरा यांनी 1964 नंतर आठ वर्षांची आखणी करून हे साधले. आपल्याला आठ नकोत, पाच पुरेत.

तेव्हा यंदाच्या निवड समित्यांना विनंती एवढीच: स्मॅशरांची रांग लावण्याआधी सेटर निवडा. एक नव्हे, दोन निवडा, आणि त्यांतला एक अकरावीचा किंवा प्रथम वर्षाचा असू द्या.