संदर्भासह स्पष्टीकरण : एका प्रश्नाची कुळकथा

महाराष्ट्रात मराठी माध्यमातून शिकलेल्या कुणालाही ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा’ हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. धड्यातलं एखादं वाक्य किंवा कवितेची एखादी ओळ प्रश्नपत्रिकेत सुटी छापलेली असायची. ती कोणत्या पाठातली, लेखक कोण, कोण कुणाला कोणत्या प्रसंगी म्हणालं हे आधी लिहायचं आणि मग अर्थ उलगडायचा. पिढ्यान् पिढ्या मुलांनी पहिला भाग पाठ केला आणि दुसरा गाईडमधून उतरवला. त्यामुळे हा प्रश्न म्हणजे घोकंपट्टीचा नमुना, असा त्याचा लौकिक झाला. तो त्याच्यावर अन्याय आहे असं मला वाटतं. साहित्याबद्दल काही म्हणायचं असेल तर ते कुठल्या शब्दांच्या आधारावर, हे आधी दाखवा, इतकीच या प्रश्नाची मूळ मागणी आहे. आणि ती परीक्षेच्या कितीतरी आधीपासून मराठीत होत आली आहे.

त्यासाठी तेराव्या शतकातल्या रिद्धपूरला, आजच्या अमरावती जिल्ह्यात, जावं लागतं. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य तिथे नागदेवाचार्यांभोवती जमले होते. स्वामींच्या आठवणी नाहीशा होतील या काळजीने म्हाइंभटांनी त्या जमवायला घेतल्या. सराळ्याचा हा विद्वान पंडित एकेकाळी वाद घालायला म्हणून आला होता आणि पंथाचाच झाला. ज्यांनी जे पाहिलं-ऐकलं होतं, त्यांच्याकडे जाऊन तो विचारत राहिला. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. पुढे या पोथीच्या प्रतींमध्ये जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. एकाच लीळेबद्दल, म्हणजे स्वामींच्या एकाच प्रसंगाबद्दल, दोघांची आठवण वेगळी असेल, तर एक खोडून दुसरी ठेवली गेली नाही. अमक्याची ‘वासना’ अशी, तमक्याचा ‘शोध’ असा, हिराइसेचा ‘पाठ’ असा, म्हणून दोन्ही नोंदवल्या गेल्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1933 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती छापली, तेव्हा पानाच्या तळाशी हारीने पाठभेद दिले. जगभर त्या कामाचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण सांगणाऱ्याचं नाव घेऊन भेद जपण्याची शिस्त मराठी पोथ्यांमध्ये कित्येक शतकं आधी होती.

या लीळांमधून पंथातल्याच केसोबासांनी चक्रधरांची वचनं निवडून ‘सूत्रपाठ’ तयार केला. वचनं सुटी झाली आणि अडचण सुरू झाली. प्रसंगातून उचललेलं वाक्य ज्याला जसं हवं तसं वाकवता येतं. रागावलेल्या शिष्याची समजूत काढताना म्हटलेलं वाक्य सार्वकालिक नियम म्हणून पुढे करता येतं. या धोक्यावर महानुभावांनी जो उपाय काढला तो म्हणजे ‘प्रकरणवश’. प्रत्येक सूत्र कुठे, कुणाला, कोणत्या निमित्ताने सांगितलं गेलं, हे त्यात दिलेलं आहे. शाळेच्या उत्तरपत्रिकेतला ‘संदर्भ’ म्हणतात तो हाच. फरक एवढाच की तिथे त्यावर गुण नव्हते, आचरण अवलंबून होतं. चुकीचा संदर्भ धरला तर माणूस चुकीचं जगणार होता.

अर्थात विद्यापीठाच्या परीक्षकांनी ‘प्रकरणवश’ पाहून प्रश्न काढले, असं कुणी समजू नये. या पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेर कुणाला वाचता येत नव्हत्या. वाक्य ग्रंथापासून सुटलं की संदर्भाची गरज आपोआप उभी राहते. तेराव्या शतकातही राहिली आणि एकोणिसाव्यातही.

परीक्षेपर्यंत थेट पोचणारा धागा दुसरीकडून येतो, मल्लिनाथाकडून. तेलंगणातल्या मेदक भागातलं कोलचारम हे त्याचं गाव, काळ चौदावं-पंधरावं शतक. कालिदासाची ‘रघुवंश’, ‘कुमारसंभव’ आणि ‘मेघदूत’, भारवीचं ‘किरातार्जुनीय’, माघाचं ‘शिशुपालवध’ आणि श्रीहर्षाचं ‘नैषध’ यांवर त्याच्या टीका आहेत. महाराष्ट्रातल्या शास्त्र्यांच्या कितीतरी पिढ्या त्याचं बोट धरून काव्य शिकल्या. टीकेच्या आरंभीच तो एक प्रतिज्ञा करतो : मुळात ज्याला आधार नाही असं काही लिहिणार नाही आणि गरज नाही ते बोलणार नाही. साहित्याबद्दलच्या प्रश्नाला उत्तर कसं द्यावं याचा याहून नेमका नियम मला तरी माहीत नाही.

त्याचं एखादं पान उघडून पाहावं. श्लोकातले शब्द आधी अन्वयाच्या क्रमाने लावून घेतो. प्रत्येक शब्दाला सोपा पर्याय देतो आणि पर्याय आपल्या मनाने दिलेला नाही हे दाखवायला लगेच कोशाचं नाव सांगतो, बहुतेक वेळा अमरकोशाचं. रूप अवघड असेल तर पाणिनीचं सूत्र. मग अलंकार, तोही शास्त्रातल्या लक्षणासकट. प्रत्येक विधानाच्या पाठीशी कुणीतरी साक्षीदार उभा आहे. वाचणाऱ्याला टीकाकारावर विश्वास ठेवावा लागत नाही. तपासून पाहता येतं. म्हणून तर त्याच्याशी भांडताही येतं.

आणि लोक भांडले. ‘मेघदूता’त यक्ष मेघाला वाट सांगताना निचुळाच्या झाडांचा आणि दिङ्नागांचा, म्हणजे दिशांच्या हत्तींचा, उल्लेख करतो. मल्लिनाथ सरळ अर्थ सांगतो आणि पुढे म्हणतो की इथे दुसराही अर्थ सुचतो : निचुल हा कालिदासाचा कविमित्र आणि दिङ्नाग हा त्याच्या काव्यात दोष काढणारा पंडित. एकोणिसाव्या शतकात कालिदासाचा काळ ठरवायचा खल सुरू झाला, तेव्हा काहींनी हे वाक्य पुरावा म्हणून पुढे केलं. बौद्ध तार्किक दिङ्नाग कालिदासाचा समकालीन, असं त्यावरून मांडलं. इतरांनी ते नाकारलं. श्लोकात तसं सुचवणारं काही नाही आणि टीकाकार कवीनंतर हजारेक वर्षांनी लिहितो आहे, मग ही साक्ष कितपत धरायची? मुळाबाहेर न जाण्याची प्रतिज्ञा केलेल्या माणसाचंच वाक्य त्याच्याच नियमाने तपासलं गेलं. यात मल्लिनाथाचा अपमान नाही. त्याने सरळ अर्थ आणि सुचणारा अर्थ वेगवेगळे ठेवले होते म्हणूनच हे करता आलं.

आता मुंबईकडे. विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ते शिकवत नव्हतं, परीक्षा घेत होतं, शिकवणं कॉलेजांकडे. ही व्यवस्था ध्यानात घेतली की प्रश्नाचं परीक्षेतलं रूप कळतं. परीक्षकाने विद्यार्थ्याला कधी पाहिलेलं नाही. पुस्तकं नेमलेली आहेत, पण विद्यार्थ्याने ती वाचली की त्यांच्याबद्दल नुसतं ऐकलं, हे त्याला कागदावरूनच ठरवायचं आहे. पुस्तकाच्या मधल्या कुठल्याही पानावरची ओळ काढून समोर ठेवणं, हा त्यावरचा साधा आणि भक्कम उपाय होता. ज्याने वाचलेलं नाही तो अडखळणारच. इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत हा प्रश्न इथे चांगलाच रुजला. मराठी प्रश्नाची शब्दरचनाही त्याच्यावरच बेतलेली दिसते. इंग्रजी साहित्य हा विषयही तेव्हा नवाच होता. लंडनमध्ये 1828 साली थॉमस डेल हे इंग्रजीचे पहिले प्राध्यापक झाले. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू व्हायला 1890चं दशक उजाडलं. रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे मुंबईचे पहिले पदवीधर 1862 सालीच बाहेर पडले होते.

या पहिल्या चौघांतल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी टीकेचं आणि परीक्षेचं अशी दोन्ही घराणी एकत्र आणली. त्यांनी ‘मालतीमाधव’ जगद्धराच्या टीकेसह आणि इंग्रजी टिपांसह संपादित केलं (1876). मुंबई संस्कृत मालेतली अशी पुस्तकं कॉलेजच्या मुलांच्या हाती पडली. शंकर पांडुरंग पंडितांनी मल्लिनाथासह ‘रघुवंश’ काढला. निर्णयसागरच्या सुबक टायपात वर श्लोक आणि खाली टीका अशी पानं घरोघर गेली. पुढे मोरेश्वर रामचंद्र काळ्यांच्या आवृत्त्या तर संस्कृत घेणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीच्या झाल्या. परीक्षेचा प्रश्न विलायती वळणाचा, पण उत्तर लिहायचं शिक्षण मल्लिनाथाच्या पानावर होत होतं.

मराठीच्या वाट्याला हे उशिरा आलं. शाळेत परशुराम बल्लाळ गोडबोल्यांचं ‘नवनीत’ 1854पासून होतं आणि जुनी कविता मुलांना त्यातूनच भेटत होती. विद्यापीठात मात्र सुरुवातीला मिळालेली जागा मराठीने लवकरच गमावली. ती परत मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे वर्षानुवर्षं झटले. मराठीला वरच्या परीक्षांत शिरकाव मिळाला तो त्यांच्या अखेरीच्या, 1901च्या सुमारास. मराठी आली ती इंग्रजी आणि संस्कृत परीक्षांचा साचा घेऊनच.

साचा पुढे झिजला, कारण नेमलेली पुस्तकं तीच राहिली आणि परीक्षार्थी वाढले. धड्यातल्या कोणत्या ओळी ‘येण्यासारख्या’ आहेत, हे शिक्षकांना आणि गाईड लिहिणाऱ्यांना कळलं. संदर्भाची वाक्यं ठरून गेली : ‘हे वाक्य अमुक पाठातील असून त्याचे लेखक अमुक आहेत.’ संदर्भ पाठ झाला की तो पुरावा उरत नाही, कारण तो वाचल्याचं सिद्ध करत नाही.

दरम्यान केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी उलटा प्रयोग केला होता. कवीचं नाव आणि काळ काढून टाकून त्यांनी विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि मतं लिहायला सांगितली. आलेल्या उत्तरांचं विश्लेषण 1929च्या त्यांच्या पुस्तकात आहे. मोठमोठी मतं आणि समोरच्या ओळींशी त्यांचा फारसा संबंध नाही, हे चित्र आपल्याकडे रसग्रहणाच्या वह्या तपासणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

आधाराने वाचणं म्हणजे काय, हे दाखवायला मला रामगिरीचं उदाहरण आवडतं. ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर राहतो तो कोणता? मल्लिनाथ म्हणतो चित्रकूट. वासुदेव विष्णु मिराशींनी नागपूरजवळच्या रामटेकचा पक्ष मांडला, आणि त्यातला मुख्य आधार काव्यातलाच आहे. मेघ रामगिरीहून उत्तरेला निघतो. वाटेत आम्रकूट लागतो, मग विंध्याच्या पायथ्याशी रेवा, म्हणजे नर्मदा, आणि त्यानंतर दशार्ण देश आणि विदिशा. चित्रकूट नर्मदेच्या उत्तरेला आहे. तिथून उत्तरेला निघालेल्या मेघाला नर्मदा आडवी येणारच नाही. रामगिरी नर्मदेच्या दक्षिणेला असायला हवा, आणि रामटेक तसं आहे. इथपर्यंत फक्त कविता आणि नकाशा. मग बाहेरची साक्ष : वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी दिलेला आहे. हा ताम्रपट सापडला तो रिद्धपूरला. सरगुजाच्या रामगढचाही दावा आहे आणि वाद पूर्ण मिटलेला नाही. पण दावा करणाऱ्या प्रत्येकाला मेघाची वाट ओळीओळीने चालावी लागते.

आज दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उतारा छापलेलाच असतो. पाठ कोणता, हे आठवायची गरज उरलेली नाही, आणि हे फार चांगलं झालं. त्याखाली ‘स्वमत’ विचारलं जातं. उत्तर बहुतेक वेळा उताऱ्याकडे न पाहताही लिहिता येतं : पाणी वाचवावं, आईवडिलांचा मान राखावा, झाडं लावावीत. उतारा समोर असताना एवढंच विचारावं, की हे मत तुझ्या मनात उताऱ्यातल्या कोणत्या वाक्याने आलं? ते वाक्य उतरवून दाखव, आणि त्यातल्या कोणत्या शब्दामुळे, तेही सांग. यासाठी नवं पुस्तक लागत नाही. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथल्या प्रश्नपत्रिकांत असा एक प्रश्न असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.