लंडनचें शेजारचें मद्यगृह : निवड कोणाची?

लंडनमधील एखादा स्नेही संध्याकाळीं पाहुण्यास "आमच्या पबमध्यें चला" असें म्हणतो, तेव्हां त्यांतील 'आमच्या' ह्या शब्दाकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. पब हा 'पब्लिक हाऊस' ह्याचा संक्षेप. सर्वांस मोकळें असलेलें घर असा त्याचा अर्थ. दारूचा गुत्ता म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें घटकाभर बाजूस ठेवावें, एवढीच विनंति. एवढ्या अफाट शहरांत संध्याकाळचे दोन तास कोणत्या घरीं घालवावयाचे हें इंग्रज माणूस कसें ठरवितो, आणि ही निवड करण्याचा अधिकार वेळोवेळीं कोणाच्या हातीं होता, ही हकीकत ऐकण्याजोगी आहे.

जुन्या काळीं अशीं घरें तीन प्रकारचीं असत. 'इन'मध्यें वाटसरूच्या मुक्कामाची सोय असे, 'टॅव्हर्न'मध्यें द्राक्षांची वाइन मिळे, आणि गल्लीबोळांतील 'एलहाऊस'मध्यें जवाची एल. १३९३ सालीं, दुसऱ्या रिचर्डच्या कारकीर्दींत, एल विकणाऱ्यानें दारावर खूण लावलीच पाहिजे असा निर्बंध झाला. सरकारी तपासनिसास घर ओळखतां यावें हा हेतु. बहुतेकांस अक्षरओळख नसल्यानें पाट्यांवर चित्रें आलीं. पांढऱ्या हरणाची पाटी आजहि इंग्लंडांत अनेक ठिकाणीं दिसते; तें रिचर्डचेंच राजचिन्ह होय. पुढें १५५२ च्या कायद्यानें दोन न्यायाधिकाऱ्यांच्या परवान्यावांचून एलहाऊस चालविण्यास बंदी झाली, आणि मालकास आपल्या घरांत दंगा होणार नाहीं ह्याबद्दल जामीन द्यावा लागूं लागला. चांगलें घर कोणतें हें गिऱ्हाइकाच्याहि आधीं न्यायाधिकाऱ्यानें ठरवावयाचें, अशी ही व्यवस्था होती. तिच्यांत एक शहाणपण होतें. पेल्यांत काय आहे ह्यापेक्षां पेला भरणारा कोण आहे, हें तींत प्रथम पाहिलें जाई.

हें शहाणपण सुटलें म्हणजे काय होतें, तेंहि लंडननें पाहिलें. अठराव्या शतकांत जिन नांवाच्या स्वस्त दारूनें गरीब वस्त्यांत कहर मांडला, तेव्हां १७३६ सालीं पार्लमेंटनें वर्षाला पन्नास पौंडांचा परवाना ठेवला. एवढी रक्कम भरतो कोण? जिन चोरून विकली जाऊं लागली, आणि १७४३ त तो कायदा मागें घ्यावा लागला. १७५१ चा कायदा अधिक समंजस निघाला. त्याच वर्षीं हॉगार्थनें आपलीं दोन प्रसिद्ध चित्रें छापलीं; एकांत जिनची उद्ध्वस्त गल्ली, दुसऱ्यांत बिअरची गुबगुबीत गल्ली. इतकी साधी विभागणी चित्रांतच शोभते, ही गोष्ट निराळी. १८३० त सरकारनें दुसरें टोक गांठलें. कर भरणाऱ्या कोणाहि गृहस्थानें दोन गिनी द्याव्या आणि बिअरचें दुकान उघडावें! सहा महिन्यांत देशांत चोवीस हजारांच्या आसपास नवीं दुकानें निघालीं. हा अधिकार न्यायाधिकाऱ्यांकडे परत जाण्यास १८६९ साल उजाडावें लागलें.

मग बिअर गाळणाऱ्या मोठ्या कारखानदारांनीं पबच विकत घेण्यास आरंभ केला. अशा घरांत त्याच कारखान्याची बिअर मिळे. आरसे, नक्षीच्या कांचा आणि महॉगनीचें लांकूड ह्यांनीं घरें सजलीं, आणि त्यांत पडदेहि पडले. कामकऱ्यांसाठीं 'पब्लिक बार', पांढरपेशांसाठीं 'सलून बार'; बिअर एकाच पिंपांतली, परंतु सलूनमध्यें तिला किंचित् अधिक दाम. पंक्तिभेद हा केवळ आपल्याच देशाचा दोष, असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. पहिल्या महायुद्धांत तर सरकारनें बैठकीच्या वेळाहि बांधून दिल्या, आणि १९१५ सालीं लंडनमध्यें मित्रास आपल्या पैशानें पेला पाजणें हा चक्क गुन्हा ठरला! तो नियम युद्धाबरोबर गेला; दुपारीं पब बंद ठेवण्याची सक्ती मात्र १९८८ पर्यंत टिकली.

ह्या सर्व कारभारांत गिऱ्हाइकाची बाजू मांडली ती आपल्या मोतीहारीस जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलनें. ९ फेब्रुवारी १९४६ च्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' पत्रांत त्यानें आपल्या आवडत्या पबचें वर्णन केलें. घर बसस्थानकापासून दोन मिनिटांच्या वाटेवर, पण आडरस्त्यावर; म्हणून दंगेखोरांस न सांपडणारें. थंडींत शेगडी पेटलेली, मागें बाग, बायकामुलांसहि बसतां येईल अशी. वाढणाऱ्या बायका गिऱ्हाइकांस नांवानें ओळखणाऱ्या. टपालाचीं तिकिटेंहि तेथेंच मिळावयाचीं. आणि मुख्य म्हणजे बोलणें ऐकूं यावें म्हणून तेथें रेडिओ नाहीं. हें मला रेडिओवरूनच सांगावें लागत आहे, त्यास इलाज नाहीं! असे दहा गुण सांगून शेवटीं तो कबूल करतो कीं असें घर मुळीं नाहींच. आठ गुणांचें एक त्यास ठाऊक होतें. ह्या दहांत प्रत्यक्ष पेयाशीं संबंध असलेला गुण जवळजवळ एकच. बाकीचे सारे शेजारधर्माचे आहेत.

पुढें गिऱ्हाइकें संघटित झालीं. १९७१ त अस्सल पिंपांतल्या बिअरसाठीं 'कॅमरा' ही संस्था निघाली, आणि चांगल्या पबांची तिची मार्गदर्शिका वर्षानुवर्षें निघूं लागली. पण घरच नाहींसें झालें तर मार्गदर्शिका काय करणार? जागेच्या किंमती चढल्या, तसे पब पाडून सदनिका बांधणें फायद्याचें झालें. मेडा व्हेल भागांतील 'कार्लटन टॅव्हर्न' हें पहिल्या महायुद्धानंतर बांधलेलें साधेंच घर. त्याच्या जागीं सदनिका बांधण्यास नगरपालिकेनें परवानगी नाकारली होती, आणि वारशाच्या यादींत त्याचें नांव लागण्याच्या बेतांत होतें. असें असतां एप्रिल २०१५ मध्यें मालकानें यंत्रें आणून तें जमीनदोस्त केलें. मात्र धोका ओळखून शेजाऱ्यांनीं आधींच धांवपळ केली होती; त्यामुळें इमारतीचे तपशील आणि छायाचित्रें नोंदलेलीं होतीं. शेजारी नगरपालिकेच्या पाठीस लागले, आणि जसें होतें तसें, विटेस वीट लावून, घर पुन्हां उभें करण्याचा हुकूम सुटला. चौकशींतहि तो कायम राहिला. एप्रिल २०२१ मध्यें कार्लटनचें दार पुन्हां उघडलें; पण साथीचे निर्बंध अजून चालू असल्यानें, त्या दारासाठीं सहा वर्षें भांडलेल्या शेजाऱ्यांस पहिले पेले बाहेर उघड्यावरच घ्यावे लागले.