झाकणवालं घड्याळ रेल्वेने का नाकारलं?

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

जुन्या इंग्रजी सिनेमात एक सीन हमखास असतो. कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ निघतं, वरचं बटण दाबलं की झाकण टक्कन उघडतं, साहेब वेळ बघतात आणि झाकण मिटतात. या घड्याळाला 'हंटर' म्हणतात. हंटर म्हणजे शिकारी. इंग्लंडमध्ये घोड्यावरून कोल्ह्यांची शिकार करणाऱ्यांच्या घड्याळाच्या काचा फुटायच्या, म्हणून काचेवर बिजागरीचं धातूचं झाकण आलं. पुढे झाकणाच्या मधोमध छोटी खिडकी ठेवून, न उघडताच काटे दिसतील अशी सोय झाली. ते 'हाफ हंटर'.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वॉल्थम आणि एल्जिनसारख्या कंपन्या यंत्रावर घड्याळं बनवू लागल्या, आणि सोन्याच्या झाकणाचं घड्याळ ही चारचौघांत मिरवायची वस्तू झाली. पण ज्या माणसाला घड्याळाची सगळ्यात जास्त गरज होती, त्या रेल्वेवाल्याला मात्र पुढे सांगण्यात आलं की झाकणवालं घड्याळ ड्युटीवर चालणार नाही. असं का, तीच आजची गोष्ट.

आधी परिस्थिती समजून घेऊ. त्या काळी बऱ्याच मार्गांवर एकच रूळ असायचा, आणि समोरासमोरच्या गाड्या त्याच रुळावरून यायच्या. आजच्यासारखे ऑटोमॅटिक सिग्नल सगळीकडे नव्हते. टाइमटेबलप्रमाणे ठरायचं की अमुक गाडीने तमुक स्टेशनात बाजूच्या रुळावर जाऊन थांबायचं आणि समोरची निघून गेली की मग पुढे जायचं. म्हणजे दोन गाड्यांमध्ये भिंत कसली? तर दोन माणसांच्या खिशातल्या घड्याळांची! त्यात गावागावाची वेळ वेगळी. १८ नोव्हेंबर १८८३ ला अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली, तेव्हा तो एक घोळ मिटला. पण प्रत्येकाचं घड्याळ ती वेळ नीट दाखवतंय का, हा प्रश्न उरलाच.

एप्रिल १८९१. ओहायो राज्यातलं किप्टन नावाचं छोटं गाव. लेक शोअर अँड मिशिगन सदर्न रेल्वेच्या एका पॅसेंजर गाडीने तिथे बाजूला होऊन टपाल गाडीला वाट द्यायची होती. ती वेळेत बाजूला झाली नाही आणि दोन्ही गाड्या धडकल्या. आठ जण गेले. टपाल गाडीत पत्रं लावणारे कर्मचारीही त्यात होते.

या अपघाताची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: पॅसेंजरच्या ड्रायव्हरचं घड्याळ मध्येच चार मिनिटं बंद पडलं आणि आपोआप पुन्हा चालू झालं. त्याला वाटत राहिलं की आपल्या हातात अजून वेळ आहे. यानंतर क्लीव्हलंडचे घड्याळजी वेब सी. बॉल यांच्याकडे रेल्वेने घड्याळं तपासायची पद्धत घालून देण्याचं काम सोपवलं. बॉल यांच्या नावाचा घड्याळांचा ब्रँड आजही ही चार मिनिटांची गोष्ट सांगतो. त्यामुळे ती घड्याळ विकणाऱ्याच्या तोंडून आपल्यापर्यंत आलीये, हे लक्षात ठेवायचं. खिशातून घड्याळ काढून बघायचंच राहून जाणं, हाही तितकाच जीवघेणा दोष असू शकतो.

त्यानंतरच्या वर्षांत 'रेल्वेचं घड्याळ' म्हणजे काय याचे नियम पक्के होत गेले. आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. किमान १७ ज्वेल्स हवेत (एचएमटीच्या तबकडीवर वाचलेले तेच ज्वेल्स, म्हणजे घर्षण कमी करणारे खडे). आडवं, उभं, उलटं अशा पाच स्थितींत घड्याळ जुळवलेलं हवं. पांढऱ्या तबकडीवर ठसठशीत काळे आकडे. बटण बरोबर बाराच्या डोक्यावर. आणि चेहरा उघडा. म्हणजे झाकण नाही.

झाकण नको, कारण धावत्या इंजिनात एक हात कामात अडकलेला असतो. वेळ एका नजरेत दिसली पाहिजे. उघडायचे कष्ट आहेत म्हटलं की माणूस बघणं टाळतो.

आता कुणी म्हणेल, झाकण काढून टाका की! इथे गंमत आहे. हंटरच्या आतल्या यंत्राची रचनाच वेगळी असते. त्याचं बटण तीनच्या आकड्याजवळ येतं. ते यंत्र उघड्या केसमध्ये बसवलं तरी बटण तीनलाच राहतं, बारा वरती येत नाहीत आणि घाईत वेळ चुकीची वाचली जाऊ शकते. म्हणून तेही बाद. आणि रेल्वेवाल्यांना घड्याळ स्वतःच्या पगारातून घ्यावं लागायचं. ज्याच्याकडे हौसेने घेतलेलं हंटर होतं, त्याला पुन्हा खिशात हात घालणं आलं.

आणखी एक नियम माझा आवडता आहे. या घड्याळांत काटे फिरवायला नुसतं बटण ओढून चालायचं नाही. पुढची काच फिरवून काढायची, आतली बारीक पट्टी नखाने ओढायची, मग काटे हलणार. मुद्दाम अवघड केलेलं! चुकून वेळ बदलायला नको म्हणून. बघणं सोपं, बदलणं कठीण. आम्ही सर्व्हरवर परमिशन देताना हेच करतो, फक्त आमची चूक झाली तर सहसा माणसं मरत नाहीत.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की झाकण ही वाईट कल्पना नव्हती. त्याने काच वाचवली, आपलं काम चोख केलं. पण ते घड्याळाचं रक्षण करत होतं. रेल्वेला रक्षण करायचं होतं गाडीतल्या माणसांचं, आणि त्यासाठी काच फुटायचा धोका पत्करणं परवडणारं होतं.

जाता जाता एक सांगतो. कुणाच्या घरी असं जुनं हंटर असेल, तर सिनेमासारखं खटकन मिटू नका, झाकणाची खाच झिजते. बटण दाबून धरा, झाकण हळूच टेकवा आणि मग बटण सोडा. आणि बटण कुठे आहे तेही बघा. चेहरा उघडा असूनही बटण तीनला दिसलं, तर समजा की ते यंत्र बहुतेक कधीकाळी झाकणाखाली होतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!