हाडावरची खूण, रक्तातील कारण

१/ भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ बपेरा हे गाव आहे. या धानपट्ट्यातील एखाद्या तरुणाच्या क्ष-किरण चित्रात मांडीच्या हाडाचा गोल माथा चपटलेला दिसला, मार लागल्याचा इतिहास नसला आणि वयही झिजेचे नसले, तर त्याचा अर्थ काय लावावा?

२/ १८९५ मध्ये रोंटगेनने क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाचे हाड पाहता येऊ लागले. मात्र चित्र म्हणजे सावली; ती बदल दाखवते, कारण सांगेलच असे नाही.

३/ कारणाचा एक धागा १९१० मध्ये शिकागोत हाती आला. ग्रेनाडा बेटावरील एका विद्यार्थ्याच्या रक्तात जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी नोंदविल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले.

४/ भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत सिकलसेल आढळल्याचे लेहमन व कटबुश यांनी प्रसिद्ध केले. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. विदर्भाचे दुखणे वैद्यकीय नकाशावर आले.

५/ प्राणवायू कमी पडला की या पेशी ताठर होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवतात. मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्ताच्या वाटा मुळातच थोड्या. त्या बुजल्या की आतील हाड मरते आणि शरीराच्या भाराने खचते.

६/ मणक्यांतही खूण उमटते. मणक्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठाचा मधला भाग खचतो, कडा टिकून राहतात. मणक्याच्या क्षयात बहुधा दोन मणक्यांमधील चकती आक्रसते आणि लगतच्या कडा कुरतडल्या जातात. हा भेद मोलाचा आहे, कारण दोन्ही रोगांचे उपचार निराळे आहेत. निर्णय मात्र रक्ताच्या तपासणीनेच पक्का होतो.

७/ आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून एका हाडाची सावली साऱ्या कुटुंबाच्या तपासणीचे निमित्त ठरू शकते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात अशा तपासणीवरच भर आहे.

८/ आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. हाड मरू लागले तरी आरंभी क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते; तेव्हा एमआरआयच बदल टिपते. चित्र स्वच्छ आहे, एवढ्यावरून रुग्णाची वेदना खोटी ठरत नाही.