बादली ते फळा : अमेरिकन महाविद्यालयांतील ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’चा प्रवास

१/ ऐन सामन्यात खेळाडू कोसळतो. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो आणि खेळाडूला पुन्हा मैदानात उतरायचे असते. अशा वेळी ‘आज नाही’ असे दोघांनाही सांगण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेत या अधिकाराला शास्त्राचा आधार मिळण्यास शंभर वर्षे लागली.

२/ प्रथम एक खुलासा. अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे व्यायामशाळेत वजने उचलायला शिकवणारा नव्हे. दुखापत टाळणे, झाल्यास तत्काळ उपचार करणे आणि खेळाडूला टप्प्याटप्प्याने पूर्ववत उभे करणे, हे त्याचे काम.

३/ १८८१ मध्ये हार्वर्डने आपल्या फुटबॉल संघासाठी जेम्स रॉबिन्सन यांची नेमणूक केली. या पेशाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा येथूनच धरला जातो. त्या काळातील ट्रेनरचे भांडवल म्हणजे पाण्याची बादली, पट्ट्या आणि मालिश करणारे हात. आपल्याकडील आखाड्यातील वस्तादाप्रमाणे त्यांचीही विद्या अनुभवातून आलेली असे. तिला ना ग्रंथ होता, ना परीक्षा.

४/ पुढे अमेरिकन फुटबॉल अधिकाधिक हिंस्र होत गेला आणि मैदानावर तरुणांचे बळी जाऊ लागले. ऑक्टोबर १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. खेळाचे नियम बदलले. जखमी खेळाडूची जबाबदारी घेणारा माणूस मात्र अजूनही अशिक्षितच मानला जात होता.

५/ १९१७ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठात ट्रेनरचे काम केलेल्या सॅम्युअल बिलिक यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. ते ‘ट्रेनर्स बायबल’ या नावाने प्रसिद्ध झाले. हातातली विद्या प्रथमच कागदावर येऊ लागली.

६/ १९३८ मध्ये ट्रेनर मंडळींनी राष्ट्रीय संघटना उभारली, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती मोडली. १९५० मध्ये कॅन्सस सिटी येथे ती ‘नाटा’ या संक्षिप्त नावाने नव्याने उभी राहिली.

७/ येथे प्रवेश होतो विल्यम ‘पिंकी’ न्यूवेल यांचा. पर्ड्यू विद्यापीठाचे हे ट्रेनर १९५५ मध्ये संघटनेचे सचिव झाले. या पेशाला मान मिळवायचा तर आधी त्याचे शिक्षण उभे केले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

८/ १९५९ मध्ये संघटनेने अभ्यासक्रमाचा पहिला आराखडा मंजूर केला. त्यात विद्यार्थ्याने शारीरिक शिक्षणाचा अधिकृत शिक्षक होण्याची पात्रता मिळवावी आणि फिजिओथेरपीच्या पुढील शिक्षणाची तयारीही करावी, अशी योजना होती. त्यामागे व्यवहार होता. केवळ ट्रेनर ठेवणे बहुतेक शाळांना परवडणारे नव्हते. शिक्षक म्हणून नेमलेला माणूस मात्र दिवसा वर्ग घेई आणि संध्याकाळी मैदान सांभाळी.

९/ तरीही आराखडा प्रत्यक्षात येण्यास दहा वर्षे गेली. १९६९ मध्ये पहिल्या चार विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना मान्यता मिळाली. १९७० मध्ये पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली.

१०/ दरम्यान १९६६ मध्ये संघटनेत पहिली स्त्री सभासद दाखल झाली. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला बंदी केली. मुलींचे क्रीडासंघ वाढले, तशी स्त्री ट्रेनरची गरजही वाढली. २००० मध्ये ज्युली मॅक्स या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

११/ जून १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पेशाला वैद्यकसंलग्न व्यवसाय म्हणून मान्यता दिली. ज्यांनी त्यासाठी उभी हयात वेचली, ते न्यूवेल हा दिवस पाहू शकले नाहीत. १९८४ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

१२/ २०१५ मध्ये या पेशात येण्यासाठी पदव्युत्तर पदवी अनिवार्य करण्याचा निर्णय झाला. एकेकाळी बादली घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहणारा माणूस आज शरीररचनाशास्त्र शिकतो आणि पुढे अनेकदा तेच शिकवतो. म्हणूनच त्याने ‘आज नाही’ म्हटले, तर प्रशिक्षकाला थांबावे लागते.