न संपणारं उत्तर

ब्राउझरनं मागायचं, सर्व्हरनं द्यायचं आणि जोडणी तोडायची, हा वेबचा मूळ व्यवहार. सर्व्हरला आपणहून काही कळवायची सोयच नव्हती. मग सामन्याचा स्कोअर बदलला तर उघड्या पानाला ते कळणार कसं?

१९९५ साली नेटस्केप १.१ नं पळवाट काढली: उत्तर सुरू करायचं, पण संपवायचं नाही. सर्व्हर एक चित्र पाठवी, मग विभाजक ओळ, मग दुसरं चित्र. ब्राउझर जुन्याच्या जागी नवं दाखवी. वेबकॅमची चित्रं अशी हलू लागली. मात्र प्रत्येक प्रेक्षकामागे एक जोडणी अडकून पडे.

१९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मुळे पान तसंच ठेवून मागून विचारणा करता येऊ लागली. त्यातून ‘लाँग पोलिंग’ आलं: विचारणा आली की सर्व्हरनं ती धरून ठेवायची, बातमी आल्यावरच उत्तर द्यायचं, की ब्राउझरची पुढची विचारणा तयार. कुणी आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या लपवलेल्या चौकटीत, न संपणारं पान उघडून ठेवी. २००६ मध्ये ॲलेक्स रसेल यांनी या साऱ्या युक्त्यांना ‘कॉमेट’ हे नाव दिलं. जीमेलमधल्या गप्पा तेव्हा याच वाटेनं चालत.

युक्तीला रीतसर नियमांत बसवण्याचं काम इयन हिक्सन यांनी २००४ पासूनच हाती घेतलं होतं. त्यांचे ‘सर्व्हर-सेंट इव्हेंट्स’ मला या साऱ्या कुळात सर्वांत देखणे वाटतात. ‘डेटा’ हा शब्द, अपूर्णविराम, मजकूर आणि शेवटी एक रिकामी ओळ, झाला निरोप! जोडणी तुटली तर ब्राउझर स्वतःच पुन्हा जोडतो आणि शेवटी मिळालेल्या निरोपाचा क्रमांक सांगतो.

दोन्हीकडून बोलणारं वेबसॉकेट जास्त गाजलं. २०१० मध्ये मधल्या प्रॉक्सींना फसवता येईल अशी फट त्यात सापडली, तेव्हा फायरफॉक्स आणि ऑपेरानं ते बंद ठेवलं. म्हणून डिसेंबर २०११ च्या प्रमाणकात ब्राउझरचा प्रत्येक निरोप ३२ बिटांच्या मुखवट्याखाली जातो.

पण उत्तर एकाच दिशेनं यायचं असेल तिथे एवढा खटाटोप कशाला? एआयचं उत्तर पडद्यावर तुकड्यातुकड्यानं उमटतं, ते बऱ्याच ठिकाणी सर्व्हर-सेंट इव्हेंट्समधूनच. एक अडचण खरी होती: ब्राउझर एका सर्व्हरशी साधारण सहाच जोडण्या ठेवत, त्यामुळे सातवा टॅब ताटकळे. २०१५ च्या एचटीटीपी/२ या वेबच्या संवाद-नियमावलीनं एकाच जोडणीत अनेक प्रवाह चालवून ती सोडवली.