नकारात्मक प्रायमिंग

ज्याकडे नुकतेच दुर्लक्ष केले, त्यालाच लगेच प्रतिसाद द्यायची वेळ आली की उशीर होतो किंवा चुका वाढतात, हा परिणाम. नजरेआड केलेल्या गोष्टीचीही मनात दखल घेतली जाते, असे तो दाखवतो. निवडक अवधानाच्या अभ्यासात म्हणूनच त्याला मोठे स्थान आहे.

पूर्वपीठिका : साधे प्रायमिंग, म्हणजे आधी समोर आलेल्या गोष्टीचा नंतरच्या प्रतिसादावर होणारा प्रभाव, ओळख सुलभ करते. मेयर व श्वानेवेल्ट यांच्या १९७१ च्या प्रयोगात ‘ब्रेड’ आणि ‘बटर’ अशा अर्थाने जवळच्या जोड्या खरे शब्द म्हणून लवकर ओळखल्या गेल्या. उलट बाजू त्याआधीच, १९६६ मध्ये, डॅलरिम्पल-आल्फोर्ड व बुडायर यांना स्ट्रूप चाचणीत दिसली होती. या चाचणीत रंगाचे नाव न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगायचा असतो. आधीच्या ओळीत ‘लाल’ हा शब्द टाळला आणि पुढची शाई लालच निघाली, की उत्तर रेंगाळे.

टिपरचा प्रयोग : ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन टिपर यांनी १९८५ मध्ये या परिणामाला आजचे नाव दिले. पडद्यावर लाल व हिरव्या रेषांची दोन चित्रे एकमेकांवर क्षणभर दिसत. नाव फक्त लाल चित्राचे सांगायचे. समजा, लाल गिटारीवर हिरवा कुत्रा आहे. पुढच्या खेपेला कुत्राच लाल रंगात आला, तर त्याचे नाव सांगायला वेळ लागतो. कुत्र्याऐवजी मांजर आले तरी उशीर होतो. म्हणजे टाळलेल्या चित्राचा केवळ आकारच नव्हे, अर्थही मनापर्यंत पोहोचलेला असतो. टिपर व ड्रायव्हर यांनी १९८८ मध्ये चित्रांकडून शब्दांकडेही हा परिणाम जातो, असे दाखवले. हा उशीर सहसा सेकंदाच्या दशांशाहूनही कमी असतो. दुसऱ्या खेपेला लक्ष विचलित करणारे चित्र नसेल, तर अनेकदा तो दिसतच नाही.

कारणमीमांसा : टिपर यांच्या मते नको असलेल्या वस्तूच्या प्रतिमेवर अवरोध येतो व तो उठायला वेळ लागतो. नील व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये स्मृतीचा पर्याय मांडला : वस्तू पुन्हा दिसताच ‘हिला टाळायचे’ ही जुनी नोंद वर येते आणि नव्या कामाशी झगडते. डीशेपर व ट्रीझमन यांना १९९६ मध्ये अनोळखी आकृत्यांबाबत हा परिणाम महिनाभरानंतरही आढळला. क्षणिक अवरोधाने त्याचा उलगडा करणे कठीण आहे. २००१ च्या आढाव्यात टिपर यांनी दोन्ही बाजूंचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला.

वय व आजार : वृद्धांमध्ये परिणाम क्षीण असल्याचे १९९१ मध्ये मांडले गेले, पुढचे निष्कर्ष संमिश्र आहेत, स्किझोफ्रेनियात तो क्षीण होतो का, याबाबतही एकमत नाही.